सरड्यासाठी थांबणाऱ्या बाई

बाई चालताना बोलत नसत आणि बोलताना चालत नसत. वाचायला हे साधं वाटतं, पण रविवारी सकाळी जळगावच्या भाजीबाजारात त्यांच्याबरोबर जाऊन पाहिलं असतंत तर त्यातली गंमत कळली असती. पुढे केळ्यांची हातगाडी, मागे रिक्षा, आणि मी सहज विचारावं, "बाई, वांगी हिरवी घ्यायची की जांभळी?" की बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या. पिशवी खाली ठेवणार, चष्मा नीट करणार, आणि मग सावकाश सांगणार, "भरताला हिरवीच. जांभळी घेऊन खानदेशात घरी जायची माझी तरी हिंमत नाही."

"ओ अक्का, बाजूला व्हा ना!" रिक्षावाला ओरडायचा.

"थांब रे भाऊ, मी बोलतेय," बाई सांगायच्या. जणू बोलणं ही रहदारीच्या नियमात बसणारी सबब होती.

आणि कुणी विचारलंच, की बाई हे काय, चालता चालता बोलायला काय होतं, तर त्यांच्याकडे शास्त्रीय कारण तयार असायचं. सरडा.

"सरडा धावताना कधी नीट पाहिलाय? अंग डावीकडे वळतं, उजवीकडे वळतं. ज्या स्नायूंनी तो वळतो, त्याच स्नायूंनी त्याला श्वास घ्यायचा असतो. एका वेळी एकच काम होतं. म्हणून तो सुसाट धावतो, मध्येच थांबतो, पुन्हा धावतो. आपल्याला वाटतं, थांबून आपल्याकडे बघतोय. कसला बघतोय! दम खातोय बिचारा." एवढं सांगून झालं की पिशवी उचलायची आणि काही न बोलता पुढच्या वळणापर्यंत चालायचं.

कॉलेजात त्यांनी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं होतं. विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव पालबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेले तेव्हा त्या निवृत्त होत्या, एकट्या होत्या, आणि भाडं सांगायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "पालींना घाबरतेस का?" मी खोटंच नाही म्हटलं. "मग राहा," म्हणाल्या.

घरात पाली होत्याच. त्यांना झाडू दाखवायची बंदी होती. भिंतीवरची पाल गळा हलवताना दिसली की बाई मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलवायच्या. "हे गळ्याचं जे फडफडणं आहे ना, तो श्वास नव्हे. ती वास घेतेय. श्वास बरगड्यांनी. तिकडे बघ, कुशीकडे." मी बी.एड. करून एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. संध्याकाळी वर्गातून सुटून घरी यावं तर इथे दुसरा वर्ग भरलेला असायचा.

कॉलनीत साप निघाला की सर्पमित्राच्या आधी बाईंना बोलावणं जायचं. सापाला हात लावण्याची त्यांची इच्छाही नसायची आणि कुवतही नव्हती. त्या फक्त माहिती द्यायच्या. एकदा समोरच्या घरातली नवी सून पलंगावर उभी राहून रडत होती, धामण गॅसच्या सिलिंडरमागे होती, आणि बाई दारात खुर्ची टाकून सांगत होत्या, "अगं, याचं उजवं फुफ्फुस एवढं लांब असतं, आणि डावं नावापुरतं. एकाच फुफ्फुसावर संसार चाललाय त्याचा. आणि उंदीर गिळताना नाक-तोंड गच्च झालं तरी गुदमरत नाही. श्वासनळीचं तोंडच पुढे काढतो जबड्याच्या काठाशी." त्या सुनेला धामणीच्या संसाराबद्दल त्या क्षणी फारशी आस्था वाटली नसावी. पण एक खरं, बाईंच्या संथ बोलण्याने ती रडायची थांबली.

खुर्चीवरून आठवलं. त्या घरात माणसं दोनच, बाई आणि मी, पण खुर्च्या बघाल तर मंगल कार्यालयाच्या. फाटकाशी एक, पायऱ्यांच्या शेवटी एक, शेगडीजवळ एक, गच्चीच्या जिन्यात अर्ध्यावर तर एक स्टूल. "आलेल्या माणसाला कुठेही टेकता आलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. येणारी माणसं फार नव्हती. टेकायच्या त्या बाईच. झोपायच्याही आरामखुर्चीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आडवं झोपणं ही पोरांची चैन आहे." मी हसले. विक्षिप्त माणसाचं एक बरं असतं, त्याच्या कुठल्याच गोष्टीचं कारण आपण शोधत बसत नाही.

आता माझं सांगते. मला दमा आहे, लहानपणापासून. आमचं घर साक्रीकडे. माझ्या मावशीला दमा होता म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं होतं आणि ती पुढे आमच्याच घरी राहिली. मायने, म्हणजे माझ्या आईने, ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे डॉक्टरांनी मला तोंडाने ओढायचा पंप दिला तेव्हा मायला औषध मिळाल्याचा आनंद झाला नाही, तिला वाटलं आता हे लोकांना दिसणार. आमच्याकडे अजूनही पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही, असंच मानतात. गोळ्या कितीही खा, त्या पोटात जातात. पंप चारचौघांत दिसतो. म्हणून आमचा नियम असा होता, की पंप न्हाणीघरात जाऊन ओढायचा, नळ सोडून.

बाईंकडेही मी तेच करत होते. एके दिवशी नळ सोडून पंप ओढून बाहेर आले तर बाई दारासमोर खुर्ची टाकून बसलेल्या.

"पाणी वाया घालवू नकोस," म्हणाल्या. "मे महिना आहे. भिंतीतून सगळं ऐकू येतं. श्वास सोडताना शीळ वाजते तुझी. दमा ना?"

मी मान हलवली.

मला वाटलं, आता खोली सोडा म्हणतील. त्यांनी हात पुढे केला. मी पंप दिला. निळा, साधा, कुठल्याही दुकानात मिळणारा. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, टोपण काढलं, लावलं. "किती वेळात दम उतरतो?" "छाती मोकळी होते म्हणजे नेमकं काय वाटतं?" "रात्री झोप लागते?" प्रश्नावर प्रश्न. नवा प्राणी हाती लागल्यासारखी चौकशी चालली होती. शेवटी पंप परत देताना म्हणाल्या, "छान आहे." एवढंच. त्या दिवसापासून मी त्या घरात पंप टेबलावर ठेवू लागले. उघड्यावर ठेवलेला तो मला माझाच ओळखू येईना.

बाईंच्या मागच्या अंगणात विहीर होती. कॉलनी होण्याआधी तिथे केळीचा मळा होता, त्या मळ्याची ती विहीर. आणि विहिरीत एक कासव होतं. ते कुणी सोडलं, कधी सोडलं, कुणाला माहीत नाही. बाई म्हणायच्या, ते माझं नाही, विहिरीचं आहे. संध्याकाळी कठड्यावर बसलं की कधीतरी हिरवट पाण्यात नाकाचं टोक वर यायचं, जरा वेळ थांबायचं आणि खाली जायचं. "घेतला एकदाचा," बाई म्हणायच्या, आणि स्वतःही एक मोठा श्वास घ्यायच्या.

त्याच उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला यारी लावली. चिखलाच्या बादलीतून कासव वर आलं. मग काय, सगळी कॉलनी अंगणात. कुणी काडीने टोचतंय, कुणी मोबाईल धरलाय, शेजारच्या मारवाडी भाभी हळद-कुंकवाचं तबक घेऊन आल्या. "अक्का, कासव म्हणजे साक्षात लक्ष्मी. जरा वाहू द्या ना." कासवाने मान, पाय, सगळं आत ओढून घेतलं होतं.

बाई मागच्या खुर्चीवरून उठल्या. "सगळ्यांनी मागे व्हा. आणखी मागे. भाभी, तुम्हीसुद्धा. त्याचा श्वास कोंडलाय."

"आत बसलंय की आरामात," यारीवाला म्हणाला.

"आरामात नाही बसलं. आपल्या बरगड्या हलतात, त्याच्या बरगड्या पाठीलाच जोडलेल्या. पाठ काही फुगत नाही. आत जागा ठरलेली आहे, तेवढीच. मान आणि पाय आत घेतले की ते त्या जागेत बसतात आणि हवा बाहेर जाते. भ्यालेलं कासव सुरक्षित असतं, पण त्याला श्वास घेता येत नाही. मान बाहेर काढेल तेव्हाच घेईल."

मग त्यांनी त्या चाळीसेक अंशांच्या उन्हात सगळ्यांना कडुनिंबाखाली गप्प बसवलं. भाभी तबक मांडीवर घेऊन बसल्या. यारीवालाही बसला. असं कुणी कुणाची वाट पाहत बसलेलं मी कॉलनीत दुसऱ्यांदा पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने एक नाक बाहेर आलं, मग डोळे, मग सुरकुतलेली लांब मान, आणि मानेच्या बुडाशी कातडी आत-बाहेर झाली. भाभींनी हात जोडले. मला का कोण जाणे, रडू आलं.

त्यानंतर काही महिन्यांनी माझं दाखवणं ठरलं. पाहुणे पाचोऱ्याचे. त्यांना साक्री लांब पडत होतं, म्हणून बाईंच्याच घरी पाहायचं ठरलं. माय आणि आबा, म्हणजे माझे वडील, आदल्या संध्याकाळी आले. मायने येताना शेवया आणल्या, नवं पातळ आणलं, आणि टेबलावरचा पंप पाहिल्याबरोबर तिचा चेहरा उतरला.

"त्यासना पुढे पंप काढू नको," ती म्हणाली. "एक डाव लगीन व्हई जाऊ दे, मंग काय फुकानं ते फुक."

"आणि दम लागला तर?"

"नही लागस. देवनं नाव घे."

सकाळी उठले तर टेबलावर पंप नव्हता. मायला विचारलं तर ती शेगडीकडे तोंड करून पोहे भिजवत राहिली.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे काका, आत्या. मायने देवापुढे ऊद लावला होता, त्याचा धूर घरभर. शुभ कार्याला ऊद हवाच. मी बसले, आणि पहिल्या प्रश्नालाच छाती आवळायला लागली.

"स्वयंपाक येतो?"

"येतो."

"नोकरी पुढे करायची इच्छा आहे?"

"आहे."

"छंद वगैरे?"

मी नुसती मान हलवली. एका शब्दापलीकडे हवा पुरत नव्हती. खांदे वर चढले होते आणि मी ते पदराखाली झाकत होते.

आत्या प्रसन्न झाल्या. मायकडे वळून म्हणाल्या, "किती कमी बोलते! हल्लीच्या मुली काय बडबड करतात. वळण चांगलं आहे हो तुमचं." मायच्या चेहऱ्यावर एकाच वेळी सुटका आणि भीती दिसत होती. तिला माझा श्वास ऐकू येत होता. तसाच तिने मावशीचा ऐकला होता.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बाई उठल्या. "चला," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "चहा होईपर्यंत आमच्या विहिरीतलं कासव बघून घ्या. या वेळी वर येतं." पाचोऱ्याची माणसं जरा गोंधळली, पण कासवाला नाही कोण म्हणणार? सगळे उठले. दारातून जाताना बाई मागे वळून मला म्हणाल्या, "तू कोठीतले मूठभर गहू घेऊन ये गं. पारव्यांना टाकू."

बाईंनी त्यांच्या अंगणात पारव्यांना कधी दाणा टाकला नव्हता.

मी स्वयंपाकघरात गेले, गव्हाच्या कोठीचं झाकण काढलं. वरच, गव्हात अर्धवट रुतलेला, माझा पंप होता. मी तो उचलला. माय दारात उभी होती.

"आठेच घे," इथेच, असं ती हळूच म्हणाली. "लवकर. मी दार लोटस. कोणले कळाव नही."

तिने खरंच दार लोटलं. पंप तोंडाशी नेला की काम झालं असतं. लग्नही झालं असतं कदाचित. पण मागच्या खिडकीतून बाईंचा आवाज येत होता, संथ, थांबत थांबत, तोच वर्गातला आवाज. "…मान आत घेतली की त्याला कुणी काही करू शकत नाही. पण किती वेळ राहील? आत हवेला जागाच नाही…"

मी दार उघडलं. माय काही म्हणायच्या आत अंगण ओलांडून विहिरीशी गेले, सगळ्यांच्या समोर टोपण काढलं, श्वास पूर्ण सोडला, आणि पंप ओढला. मग दुसऱ्यांदा.

छाती सैल व्हायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ मी कठड्याला धरून उभी राहिले आणि मग म्हणाले, "मला दमा आहे. लहानपणापासून. औषध घेतलं की मी बरी असते. आणि मी कमी बोलत नाही, मी खूप बोलते."

मुलगा गालात हसला, हे मी पाहिलं. काकांनी घड्याळ पाहिलं. आत्या म्हणाल्या, "बरं झालं आधीच कळलं." पोहे खाऊन झाले, "कळवतो" म्हणून झालं, आणि गाडी गेली. पाचोऱ्याहून पुढे काही कळलं नाही.

माय स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडली. "बठ्ठं वाटोळं करी टाकं पोरी! मन्ही बहीणनं काय व्हयनं व्हतं, तुले माहीत शे ना?" मला तिचा राग येत होता आणि तिची मायाही येत होती. आबा अंगणातून आत आले. ते तिच्याजवळ उकिडवे बसले. "जाऊ दे वं. श्वास तं लेवाच लागस ना माणूसले," म्हणाले. त्यावर ती आणखी रडली.

मी बाहेर आले. बाई विहिरीच्या कठड्यावर बसल्या होत्या. एका हाताने कठडा घट्ट धरलेला, खांदे वर चढलेले, ओठ शीळ घालताना करतात तसे. पाहुण्यांना कासव दाखवताना त्या कठड्यावर न टेकता बराच वेळ बोलल्या होत्या. मला तर इतका वेळ उभ्याने बोललेल्या त्या आठवत नव्हत्या. मी जवळ गेले आणि ऐकलं. तीच शीळ. माझी. इतके महिने भिंतीपलीकडे होती आणि मी मात्र माझीच ऐकत होते.

"बाई," मी म्हणाले, "तुम्हालाही?"

त्यांनी बोट वर केलं. थांब, असं. मी थांबले. बऱ्याच वेळाने त्या बोलू लागल्या, एकेक वाक्य तोडून.

"चोपड्याला आमचं घर. शाळा लांब. मैत्रिणी भराभर चालायच्या. मला थांबावं लागायचं. का थांबलीस, विचारलं की काय सांगणार? घरी सांगितलेलं, कुणाला कळू द्यायचं नाही. कुंपणावर सरडा होता. म्हटलं, सरडा बघतेय." त्या जरा हसल्या. "मग रोजच बघायला लागले. लोक म्हणायचे, पोरगी हुशार आहे. इतकी वर्षं बघत राहिले की त्यातच पदवी मिळाली. पण तू आज जे केलंस ना, ते मला कधी जमलं नाही. मी सगळ्या जगाला कासवाची मान समजावून सांगितली."

त्या खुर्च्या, ते जिन्यातलं स्टूल, ती आडवं झोपण्याची चैन, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि माझ्या हसण्याची मला लाज वाटली.

"ते तुझं निळं," बाई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, विहिरीत बघत. "ते ओढायचं कसं असतं? शिकवशील?"

त्या आठवड्यात आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून औषध दिलं, रोजचा एक पंप आणि अडीनडीला एक. घरी आल्यावर बाई टेबलाशी ताठ बसल्या आणि मी शिकवायला लागले. "आधी सगळा श्वास सोडायचा, बाई. पूर्ण. मग पंपाभोवती ओठ गच्च मिटून, तो दाबत हळू आत घ्यायचा, आणि रोखून धरायचा." जन्मभर श्वासोच्छ्वास शिकवलेल्या बाईंना पहिल्या वेळी जमलं नाही. औषध जिभेवर उडालं, त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं. माय पंधरवड्याने मला भेटायला आली तेव्हा बाई तिच्या देखत, पोळ्या लाटता लाटता हात पुसून, सहज पंप ओढून मोकळ्या झाल्या. माय बघत राहिली. जाताना तिने मला हळूच विचारलं, "मावशीले चालई का वं असं?" मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू, चालेल. मावशी तोवर म्हातारी झाली होती, पण आली जळगावला. बाईंच्या फाटकाजवळच्या खुर्चीवर बसली आणि त्या दोघी तासभर एकमेकींशी काही न बोलता बसल्या होत्या.

पुढे माझं लग्न झालं, पंप सगळ्यांना ठाऊक असताना, आणि मी धुळ्याला आले. बाई आता नाहीत. विहिरीवर जाळी बसवली आहे आणि कासव दिसावं म्हणून जाळीला मुद्दाम मोठं भोक ठेवलं आहे, असं भाभी फोनवर सांगतात.

मला मात्र बाई आठवतात त्या एका रविवारच्या. पंप सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील. आम्ही वांगी घेऊन बाजारातून परत निघालो होतो आणि बाई बोलत होत्या. चालता चालता बोलत होत्या. भाव, वांगी, भाभींच्या मुलाची परीक्षा. पिशवी त्यांच्याच हातात. मीच मागे राहत होते. रिक्षावाल्याला हॉर्न वाजवायची वेळ आली नाही. त्यांच्याही ते लक्षात आलं नसावं, आणि मीही त्यांना सांगितलं नाही.

कॉलनीच्या तोंडाशी बाई अचानक थांबल्या. मी पर्समध्ये हात घातला.

"काय झालं बाई? दम लागला?"

"छे गं," त्या कुजबुजल्या आणि बाभळीच्या कुंपणाकडे बोट केलं. "सरडा."